उघड्या कडीचं टोक: हातघडणीच्या दागिन्यांची एक मालिका कशी जमली

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या टेबलावर 43 नग मांडले होते. सगळे तिच्याच हातचे, चार वर्षांत केलेले. तांब्याच्या तारेत गुंफलेली पेंडंट, ठोकलेल्या पितळेची कानातली, चांदीच्या पाच-सहा अंगठ्या, दोऱ्यात ओवलेले मण्यांचे हार, रेझिनमध्ये बसवलेली सुकी पानं. एकेक नग हातात घेतला तर काम चोख होतं. धातू जोडणारी झाळ कुठे उतू गेलेली नाही, कोंदणाची कड सरळ, कड्या घट्ट मिटलेल्या. सगळं एकत्र पाहिलं की मात्र पाच जणांनी आपापलं काम एका टेबलावर आणून ठेवल्यासारखं वाटे.

"ताई, मागच्या प्रदर्शनात एक बाई म्हणाल्या, 'हे सगळं तुम्हीच करता?' तेव्हा मला छान वाटलं. घरी आल्यावर त्याच वाक्याने झोप उडाली."

मला ते लगेच कळलं. तो प्रश्न कौतुकाने विचारलेला असतो, पण त्यात एक उत्तरही दडलेलं असतं: तुमचा हात मला दिसला नाही.

ती माझ्याकडे धातुकाम शिकली, आता स्वतंत्रपणे काम करते. दहा आठवड्यांनी पुढचं प्रदर्शन होतं आणि यावेळी पूर्ण टेबल तिचं एकटीचं होतं. तिला एक मालिका हवी होती. तिच्या परवानगीने, नाव न घालता, त्या दहा आठवड्यांची ही हकीकत लिहिते आहे. यात माझ्याही दोन चुका आहेत, त्या वगळलेल्या नाहीत.

पहिला आठवडा आम्ही वाया घालवला, असं तेव्हा वाटलं होतं. तिची कल्पना सरळ होती: एकच खडा घ्यायचा, फिरोजा, आणि सगळं त्यात करायचं. टेबल निळं दिसेल, म्हणजे एकसंध दिसेल. मीही मान डोलावली. ही माझी पहिली चूक. तिने सहा नमुने केले आणि दोघींनाही ते पाहवेनात. पहिली अडचण खड्याचीच. फिरोजा सच्छिद्र असतो, त्वचेचं तेल आणि अत्तर शोषतो, त्याचा रंग हळूहळू हिरवटाकडे झुकतो. दोन वेगवेगळ्या खेपांतले खडे शेजारी ठेवले तरी एक आकाशी, दुसरा शेवाळी. रंगावर एकसंधपणा उभा करायचा आणि रंगच हातात राहत नाही, अशी गत. पण मोठी अडचण वेगळी होती. त्या सहा नमुन्यांत एक नाजूक वळणांचं पेंडंट होतं, एक जाड चौकोनी अंगठी, एक झुलती झुंबरासारखी कानातली. निळा रंग काढून घेतला तर ते पुन्हा पाच जणांचंच काम.

इथे 'सेट' आणि 'मालिका' यांची गल्लत झाली होती, आणि ती फार जण करतात. सेटमध्ये हार, कानातलं, अंगठी एकमेकांची नक्कल करतात. तो एका व्यक्तीने एकाच वेळी घालायचा असतो. मालिकेतले नग वेगवेगळ्या लोकांच्या अंगावर, वेगवेगळ्या दिवशी जाणार असतात. त्यांनी एकमेकांची नक्कल करायची नसते. एका घरातल्या माणसांसारखं दिसायचं असतं. नाक सारखं, उंची निराळी.

मग आम्ही रंग पूर्ण बाजूला काढला. 43 नगांचे फोटो काढून ते कृष्णधवल केले. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक नगाची फक्त बाहेरची रेघ काळ्या शाईने काढली. खडा नाही, चमक नाही, पोत नाही. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. सगळे कागद जमिनीवर पसरले आणि मी तिला म्हटलं, आता काही ठरवू नकोस, फक्त ज्या रेघा एकमेकींशी बोलतात त्या जवळ सरकव.

11 कागद एका ढिगात आले. तांब्याचे, पितळेचे, चांदीचे, सगळ्या वर्षांतले. त्या प्रत्येकात एक वळण होतं जे पूर्ण मिटत नव्हतं. गोल येतो, येतो, आणि मिटायच्या आधी थांबतो. थांबतो तिथे तारेचं टोक पसरट.

"हे मी मुद्दाम नाही केलेलं," ती म्हणाली. "तारेचं कापलेलं टोक टोचतं ना, म्हणून मी ते ठोकून चपटं करते आणि कानशीने गोलवते. तुम्हीच शिकवलंय."

मी तिला टोक कानशीने गोल करायला शिकवलं होतं. ठोकायला नाही. ती सवय तिची स्वतःची होती. मी तिला तिथेच एक टोक करून दाखवायला सांगितलं. तिने तारेचा तुकडा पोलादी ठोकळ्यावर धरला, टोकाकडचे जेमतेम 5 मिलिमीटर. सपाट तोंडाच्या हातोडीचे चार घाव, प्रत्येक घाव थोडा बाहेरच्या दिशेला ओढलेला, त्यामुळे धातू सरळ न पसरता पाकळीसारखा फाकतो. मग तार उलटी न करता एकच घाव कडेवर, तिरका. त्या शेवटच्या घावाने टोकाच्या मधोमध एक हलकी शीर उठते. कानस, पॉलिश पेपर, झालं. सगळं मिळून दीड मिनिट. हेच दीड मिनिट ती चार वर्षं प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या नगावर देत होती आणि त्याला डिझाइन म्हणत नव्हती.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाचं वाटतं ते हेच. मालिकेचा धागा बाहेरून शोधून आणायचा असतो असं आपण धरून चालतो: एखादी थीम, ऋतू, फूल, प्रवास. तिचा धागा तिच्या हातात आधीच होता, फक्त तो धातूच्या शेवटाकडे होता आणि आम्ही दोघी मध्यभागी बघत होतो, खड्याकडे.

अलेक्झांडर काल्डर हा शिल्पकार बहुतेकांना त्याच्या हवेत डुलणाऱ्या मोबाइल शिल्पांमुळे माहीत असतो, पण त्याने जवळपास 1800 दागिनेही घडवले. पितळ, चांदी, कधी सोनं. तार वाकवायची, हातोडीने ठोकायची, आणि शक्यतो झाळकाम टाळून वळण, गुंडाळी, रिव्हेट यांवरच जोड भागवायचा. त्याचा कंठा असो, कंगवा असो की ब्रोच, हात लगेच ओळखू येतो, कारण ठोकण्याची रीत तीच. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच दागिने कंपनीची 1968 सालची 'अल्हांब्रा' मालिका ठेवा. तिथे चार पानांची बाह्यरेषा आणि कडेचे बारीक मणी पक्के, आणि आतला खडा बदलत राहतो. एकाने कृती पक्की ठेवली, दुसऱ्याने आकृती. दोन्ही मार्ग चालतात. तिच्याकडे कृती होती, म्हणून आम्ही पहिला धरला आणि दुसऱ्याचा मोह टाळला. सगळीकडे एकच आकार छापायचा विचार दोनदा डोकं वर काढत होता. तो दरवेळी दाबला.

नियम लिहून काढताना ते चारच ठेवले. प्रत्येक नगात एक वळण उघडं राहील. ते चपट्या टोकाने संपेल. अंग काळपट आणि मॅट, टोक मात्र चकचकीत. खडा असेल तर तो उघड्या जागेपाशी बसेल, मध्यभागी कधीच नाही.

चौथा नियम तिला सुरुवातीला जाचक वाटला, नंतर त्यानेच सर्वात जास्त काम केलं. खड्याचा रंग कोणताही असो, तो वळणाच्या तोंडाशी बसला की आधीची रिकामी जागा आणि खडा यांच्यात एक ताण तयार होतो. नजर तिथेच जाते. तो ताण सगळ्या नगांत सारखा असल्यामुळे लॅब्राडोराइट हा निळसर झाक मारणारा राखाडी खडा आणि मोती असे दोन अगदी निराळे जिन्नस शेजारी ठेवूनही खटकले नाहीत. मोती अंगठीत मात्र घ्यायचे नाहीत हे लगेच ठरलं. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर मोती 2.5 ते 4.5, आणि साध्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, ते 7. अंगठीतला मोती त्यामुळे लवकर निस्तेज होऊ शकतो. कानातला, गळ्यातला टिकतो. लॅब्राडोराइट 6 ते 6.5, तोही ठोकर लागली तर चिरतो, म्हणून अंगठीत त्याला उंच कोंदण.

धातूचा निर्णय सोपा होता आणि त्यावर फार वेळ घालवला नाही. 92.5 टक्के चांदी, बाकी बहुतांश तांबं. काळवता येते, ठोकता येते, अंगाला सहसा बाधत नाही. पितळ तिचं आवडतं होतं, पण घामाने त्वचेवर हिरवट डाग पडतो. बाजारातले मुलामा दिलेले तयार हूक पूर्ण बंद केले, कारण मुलाम्याखाली निकेल असू शकतं आणि निकेलची ॲलर्जी असलेल्या माणसाचा कान सुजतो. युरोपीय संघाने 1994 मध्येच अंगाला लागणाऱ्या वस्तूंमधल्या निकेलवर बंधन घातलं, ते याच कारणाने.

तारेच्या जाडीवर मात्र दोन दिवस वाद झाला. तिच्याकडे सहा जाड्या होत्या. 1.0, 1.2, 1.3 अशा जवळजवळच्या. मी म्हटलं, तीनच ठेव: 0.8, 1.3 आणि 2.0 मिलिमीटर. दोन जाड्यांत फार थोडा फरक असला तर पाहणाऱ्याला तो हेतू वाटत नाही, हात चुकल्यासारखा वाटतो. साधारण दीडपट फरक असला की बारीक ती बारीक आणि जाड ती जाड, शंकाच उरत नाही. तिने 1.0 ची तार परत रिळावर गुंडाळून ठेवली आणि त्यानंतर मागितली नाही.

एकच वळण तीन मापांत

चौदा डिझाइनं ठरली. तीन मोठी, ज्यांच्यासमोर माणूस थांबेल: एक कंठा, एक कडं, एक लांब हार. पाच मधली. सहा लहान, त्यांत खुंटीची कानातली आणि बारीक अंगठ्या. मोठ्या नगांनी बोलावायचं आणि लहान नगांनी घरी जायचं, हे प्रदर्शनात वारंवार दिसतं. मात्र लहान नग हा मोठ्याचा उरलेला तुकडा वाटला तर कोणी घेत नाही. त्यात मोठ्यातलं सगळं हवं, फक्त थोडक्यात.

आणि इथे सगळं अडलं. कंठ्यावरचं टोक 6 मिलिमीटर रुंद होतं आणि ते सुरेख दिसत होतं. तेच प्रमाण धरून 9 मिलिमीटरच्या खुंटीच्या कानातल्यावर टोक केलं तर ते जेमतेम मिलिमीटरभर राहिलं. हातभर अंतरावरून नुसती एक तुटकी कडी दिसे. तिने चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग मापपट्टी बाजूला ठेवून तिने ते डोळ्याने केलं, टोक अडीच मिलिमीटरचं, म्हणजे प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. कागदावर बेढब दिसणारं ते टोक कानावर अगदी बरोबर बसलं. आकार लहान होतो तसं वैशिष्ट्य ठळक करावं लागतं. मी हे सुलेखनाच्या वहीत पाहिलं होतं, बारीक अक्षरात अनुस्वार जरा मोठाच द्यावा लागतो, पण धातूत ते तिने माझ्या आधी ओळखलं.

वजनाचा हिशेब मी तिला मांडून दाखवला, कारण तो टाळला की दागिना डबीत पडून राहतो. 2 मिलिमीटर जाडीची 10 सेंटिमीटर चांदीची तार साधारण सव्वातीन ग्रॅम भरते. तिच्या मोठ्या कानातल्यात 26 सेंटिमीटर तार लागत होती, म्हणजे एका कानात जवळपास साडेआठ ग्रॅम. तिने ती स्वतः कानात घालून दिवसभर काम केलं. संध्याकाळी कानाची पाळी लाल. 1.3 मिलिमीटरची तीच लांबी साडेतीन ग्रॅमच्या आसपास येते. पण बारीक तार वाकायची. उपाय पुन्हा हातोडीतच होता. वळण झाल्यावर त्याला सबंध लांबीभर हलके घाव दिले की चांदी घावाने कडक होते, आणि किंचित चपटी झाल्याने रुंदीच्या दिशेला ताठही राहते. वर ठोकलेल्या अंगाचा पोत टोकाशी जुळून आला, ते वेगळंच.

कड्याने रडवलं. जाड तारेचं टोक मोठं हवं म्हणून ती ठोकत राहिली आणि सहाव्या-सातव्या घावाला कडेला बारीक चिरा पडल्या. ठोकून कडक झालेली चांदी पुढे पसरत नाही, फाटते. मध्येच तापवून मऊ करावी लागते. सुमारे 650 अंश सेल्सिअस, मंद उजेडात फिकट गुलाबीसर लाली दिसेपर्यंत. लाली ओळखायला वेळ लागतो म्हणून मी तिला जुनी युक्ती दिली: टोकावर परमनंट मार्करने रेघ ओढ, ज्योत फिरव, रेघ उडाली की थांब. पाण्यात टाक, मग पुढचे घाव. चिरलेली दोन टोकं कापून वितळवायच्या डबीत गेली. तिसरं कडं उभं राहिलं.

काळवणं शेवटी. लिव्हर ऑफ सल्फर या चांदी काळी करणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचं कोमट, पातळ द्रावण, उघडी खिडकी, कारण वास सडक्या अंड्यासारखा येतो आणि तो वायू अपायकारक असतो. मोती आत जाऊ द्यायचे नाहीत, म्हणून ते काळवून झाल्यावरच लावायचे. काळवलेल्या नगाचं फक्त टोक पॉलिश पेपरने घासलं की काळ्या रेघेच्या शेवटी उजेडाचा एक थेंब लटकल्यासारखा दिसतो. पहिला नग असा तयार झाला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

विणलेला हार

आता माझी दुसरी चूक. 43 नगांत एक बारीक तारेचा विणलेला हार होता, तीसेक तासांचं काम. सबंध मिटलेला, कुठेही उघडं वळण नाही. तिचा सर्वात लाडका. मी तो पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला आणि एका वाक्यात विषय संपवला. सातव्या आठवड्यात ती अचानक म्हणाली, "ताई, तो नसेल तर या टेबलावर माझं सगळ्यात चांगलं काम नसेल."

खरंच नव्हतं. पण तो हार तिथे ठेवला असता तर बाकी चौदा नग त्याची तयारी केल्यासारखे दिसले असते. मी हे तिला पहिल्याच दिवशी नीट बसून सांगायला हवं होतं. हार बाद झाला तो कमी प्रतीचा म्हणून नव्हे, तो दुसऱ्याच घराण्यातला होता म्हणून. तिने दोन दिवस विचार केला आणि हार मऊ कापडात गुंडाळून ठेवला. वर चिठ्ठी लावली: 'पुढची'.

त्या बदल्यात तिने माझ्याकडून एक गोष्ट मनवून घेतली, आणि ती माझ्या डोक्यात कधीच आली नसती. मी हार मानेमागे अडकवायच्या फाशाकडे दुर्लक्ष केलं होतं. हाराला मागे तयार फासा लावायचा, सगळे लावतात. ती म्हणाली, मग मानेमागे हा हार माझा राहत नाही. तिने 1.3 च्या तारेचा इंग्रजी एस अक्षरासारखा हूक केला, दोन्ही टोकं चपटी, चकचकीत. उघडं वळण आणि टोक, मालिकेचं सगळं व्याकरण त्या दोन सेंटिमीटरच्या हुकात आलं. लहान पेंडंटसाठी साखळी तयारच घ्यावी लागली. ती नवीकोरी चमकत होती तोवर परकी वाटे, त्याच द्रावणात बुडवून काळवल्यावर रुळली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी दुपारी गेले. टेबलावर राखाडी कापड, एका दिशेचा उजेड, नगांमध्ये मोकळी जागा. मी लांब उभी राहून लोकांचं बोलणं ऐकत होते. 'हे सगळं तुम्हीच करता' हे वाक्य आलं नाही. एका मुलीने खुंटीची कानातली उचलली, मग मोठ्या कंठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यातलंच मधलं काही आहे?" माझ्या विद्यार्थिनीने मधली कानातली पुढे केली. मधल्या आकाराची तीन डिझाइनं संपूर्ण दिवस फारशी हलली नाहीत, हेही लिहून ठेवते; ती लहानांच्या फार जवळची होती, लोकांना दोन्हींतला फरक हातात घेतल्याशिवाय कळत नव्हता. हार घालून बघणाऱ्या एक बाई आरशाकडे पाठ करून मान वळवून मागचा हूक बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हा उलटा घालणार."

दोन आठवड्यांनी एक अंगठी परत आली. टोक लोकरीच्या धाग्यात अडकत होतं. तिने निमुळत्या सळईवर अंगठी चढवली, लाकडी हातोडीने टोक बोटाच्या दिशेला दाबलं आणि रुंदी 4 मिलिमीटरवरून 3 वर आणली. अंगठी सुटली. पण शेजारी खुंटीची कानातली ठेवली तेव्हा त्यांची टोकं एकदम जड दिसायला लागली. मग तीही उतरवावी लागणार, आणि ती उतरवली की मधल्या पेंडंटचं काय, असं करत संध्याकाळी चौदाही नग पुन्हा टेबलावर आले. ट्रेसिंग पेपर तिने स्वतःच काढला.